पुण्यात साध्या माणसांनी मिळून गायची जागा आहे का? आवाज चांगला लागतो का?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी नुकतेच पुण्यात आलात, गाणं कधी शिकला नाहीत, पण चारचौघांत मिसळून गायला आवडतं. तर इथे एखादा कॉयर आहे का, आणि त्यात घ्यायच्या आधी आवाज तपासतात का?

भजनी मंडळात आवाज कुणी तपासत नाही. कोथरूडच्या एका महिला भजनी मंडळात मी बरीच वर्षं पेटी वाजवते आहे, तेव्हा एवढं खात्रीने सांगते. पण 'कॉयर' म्हणून शोधायला निघालात तर कॅम्पातल्या चर्चमध्ये पोचाल. तिथे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज चार वेगवेगळ्या ओळी गातात. नाताळच्या आधी जाऊन जरूर ऐका. मराठी ख्रिस्ती मंडळींकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनंही ऐकायला मिळतील, आणि ती आपल्याच वळणाची वाटतील.

बाकीचं पुणं एकाच ओळीत गातं. एकजण पुढे म्हणतो, बाकीचे ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरतात. खुद्द तुकोबांनी सांगून ठेवलंय की सुरुवातीला आपण पुढे गाणाऱ्यांचं ध्रुपद धरत असू. तेव्हा मागच्या रांगेला लाजू नका.

हे मोठ्या प्रमाणावर बघायचं तर ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा बघा. माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आजची दिंड्यांची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. शिंद्यांच्या पदरी सरदार होते ते, आणि दिंड्यांच्या क्रमात ती लष्करी नजर दिसते. विणेकरी, मृदंगी, टाळकऱ्यांच्या रांगा. काय गायचं हेही वेळेवर ठरलेलं: पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. वही कुणाच्या हातात नसते. एवढं पाठांतर चालता चालता होतं, हे मला अजूनही अजब वाटतं.

खास पुणेरी म्हणावा असा प्रकार मात्र मेळ्यांचा. 1893ला गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि लगेच पुढच्या वर्षापासून पेठापेठांत मेळे निघाले. मुलं आणि तरुण एकसारखा पोशाख करून मंडपामंडपात पदं गात फिरायची. नमुना होता मोहरमच्या मिरवणुकीत गाणाऱ्या टोळ्यांचा, ज्यांत तोवर हिंदूही हौसेने सामील होत. पदं दरवर्षी नवी, चालू घडामोडींवर, त्यामुळे सरकारची नजर होतीच. 1910च्या सुमारास सन्मित्र समाज मेळ्यासारख्या नावाजलेल्या मेळ्यांवर बंदी आली. पुढे 1920च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या मंडळींनी छत्रपती मेळा काढला, आणि मग ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद ऐन उत्सवात गाण्यांतून रंगला. रंगला हा शब्द सौम्यच. मेळ्यांचं भांडण हातघाईवरही यायचं. समूहगान म्हणजे आपोआप सलोखा, असं समजणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. सिनेमा, रेडिओ आणि कर्णे आल्यावर मेळे आटत गेले.

राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेचं कलापथक त्यानंतरचं. वसंत बापटांची गाणी, आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखी माणसं त्यातून पुढे आली.

आता आमच्यासारख्या मंडळांबद्दल. निवृत्त मुख्याध्यापिका, पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या वहिनी, सगळ्या एका सतरंजीवर. भजन स्पर्धा जवळ आली की साड्यांच्या रंगावरून जेवढी चर्चा होते तेवढी अभंगावर होत नाही, हे खरंय. पण खरा तिढा पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून गायचं त्याचा. बायकांचा आवाज पेटीच्या काळ्या पट्ट्यांतल्या काळी चार-पाचमध्ये खुलतो, पुरुषांचा काळी एक-दोनमध्ये. दोन काका आमच्यात येऊ लागले तेव्हा मधली पट्टी घेऊन पाहिली, तर दोन्ही बाजू नाराज. शेवटी अभंग आमच्या पट्टीत आणि गजर त्यांच्या पट्टीत असं ठरलं. तबलजीला आता दोन तबले आणावे लागतात, आणि तो ते दर वेळी ऐकवतो.

म्हणून तुम्ही पुरुष असाल तर पुरुषांचं किंवा मिश्र मंडळ बघा. शनिवारी संध्याकाळी जवळच्या मारुतीच्या देवळात चौकशी केलीत तर पत्ता लागतो. बाई असाल तर सोसायटीतल्याच कुणा काकूंना विचारा, त्या तुम्हाला धरूनच नेतील. नाहीतर एकादशीला विठ्ठलमंदिरात हरिपाठाच्या वेळी जाऊन बसा. दोन-तीनदा दिसलात की कुणीतरी टाळ हातात देईल. तो घ्या, पण ठेका नीट कानात बसेपर्यंत वाजवू नका. गळा थोडा इकडेतिकडे झाला तर गर्दीत कळत नाही. टाळ चुकला की मात्र अख्खी रांग वळून बघते.