तिचा निबंध तिलाच लिहू द्या

प्रश्न : मी गेली 14 वर्षे नैरोबीत नोकरी करतो. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी केसीएसई या केनियातील शालान्त परीक्षेत ‘ए मायनस’ श्रेणी मिळवून उत्तीर्ण झाली आहे. माध्यमिक शिक्षण तिने गरीब, हुशार मुलांसाठीच्या ‘विंग्ज टू फ्लाय’ शिष्यवृत्तीवर केले. तिने एमबीबीएस करावे, पुण्यात माझ्या भावाकडे राहावे, अशी आमची इच्छा आहे. ती मात्र शेतीचाच विषय धरून बसली आहे. मास्टरकार्ड फाउंडेशनच्या उच्चशिक्षण शिष्यवृत्तीसाठी तिने लिहिलेला निबंध मला साधारण वाटला, म्हणून मी तो नव्याने लिहून दिला. दोन्ही मसुदे सोबत जोडले आहेत. येथील एक एजंट पैसे घेऊन काम करून देतो म्हणतो. ती आम्हाला मुलीसारखीच आहे. आपण तिची समजूत घालावी.

उत्तर : स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातील ‘मुलीसारखीच’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही. परक्या देशात राहून दुसऱ्याच्या लेकरासाठी इतकी धडपड करणारी माणसे थोडी असतात. परंतु स्वतःची मुलगी रुसू शकते, भांडू शकते आणि दुसऱ्या दिवशी हक्काने त्याच ताटावर येऊन बसू शकते. या मुलीला ती मुभा नाही, कारण तिच्या आईचा पगार तुमच्या घरातून निघतो. ज्या घरावर आईची चूल अवलंबून आहे, त्या घरातील कर्त्या माणसाने डॉक्टर हो म्हटल्यावर तिने मान डोलावली, तर त्या होकाराला मी होकार मानणार नाही. असे असूनही ती शेतीचा विषय सोडायला तयार नाही, यावरून तिची ओढ किती खरी आहे हे तुमच्या ध्यानात यायला हवे होते.

दोन्ही मसुदे मी वाचले. तुमच्या मसुद्यातील इंग्रजी सफाईदार आहे; त्यात मानवतेची सेवा आहे, लहानपणापासूनचे स्वप्न आहे, आणि ती मुलगी कुठेच नाही. तिच्या मसुद्यात व्याकरणाच्या चुका आहेत. परंतु पश्चिम केनियातील होमा बे जवळच्या आजीच्या शेतात मक्याच्या मुळांवर जगणारे, जांभळ्या फुलांचे स्ट्रायगा हे तण ती फुलायच्या आधी उपटत असे, त्या सकाळी त्यात आहेत. आपल्याकडे ज्वारीच्या शेतकऱ्याला टारफुला ठाऊक असतो, त्याच कुळातील हे तण. एकेका रोपाला हजारो सूक्ष्म बिया येतात आणि त्या वर्षानुवर्षे मातीत दबा धरून राहतात. शेजारच्या शेतात मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही चाऱ्याची शेंगवर्गीय वनस्पती लावल्यावर हे तण कमी झाले, असे कशामुळे झाले असावे, असा प्रश्न तिने शेवटी विचारला आहे. त्याच परिसरात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्बिता येथे, नैरोबीच्या ‘इसिपे’ या कीटकशास्त्र संस्थेने डेस्मोडियमच्या या पद्धतीवर अनेक वर्षे संशोधन केले आहे. त्या वनस्पतीच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये तणाच्या बियांना रुजवतात, पण अंकुरांना मक्याच्या मुळांना चिकटू देत नाहीत, आणि ते अंकुर मरतात. एवढ्या वयात स्वतःच्या डोळ्यांनी पाहून असा प्रश्न पडणाऱ्या मुलीचा निबंध तुम्ही साधारण ठरवलात, याचे मला वाईट वाटले. शिवाय दुसऱ्याने लिहिलेला निबंध स्वतःचा म्हणून पाठवणे ही फसवणूक आहे, आणि मुलाखतीत ती उघडी पडल्यास तिची झळ तुम्हाला नव्हे, तिला लागेल.

आता तुमच्या गैरसमजाविषयी. फाउंडेशनकडे पैसा आहे, तेव्हा अर्ज फाउंडेशनकडे करायचा आणि चांगली श्रेणी दाखवायची, असे तुम्ही धरून चालला आहात. 2012 पासून चालू असलेल्या या उपक्रमात निवड भागीदार विद्यापीठे करतात. प्रत्येकाचा अर्ज, अटी व मुदती निराळ्या असतात आणि प्रवेशाची पात्रता तर लागतेच. गुणांमुळे दार उघडते, पण पुढे घरची खरी परिस्थिती, अडचणीत मुलाने काय केले आणि शिकून आपल्या लोकांसाठी काय करू पाहतो, हे तपासले जाते. निवड झाल्यास शिक्षणशुल्काबरोबर राहणे, जेवण, पुस्तके व प्रवासाचा खर्चही मिळतो. इतक्या काटेकोर निवडीत एजंटाला काहीच काम नसते. फाउंडेशन अर्जदाराकडून पैसे घेत नाही. जो मागतो त्याला एक शिलिंगही देऊ नका.

पुण्याचा विचार तर सोडूनच द्या. परदेशी विद्यार्थ्यालाही एमबीबीएससाठी ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि भारत सरकारची आयसीसीआर शिष्यवृत्ती आफ्रिकी विद्यार्थ्यांना मिळत असली तरी वैद्यकीय पदवी तिच्यात बसत नाही. केनियातील सरकारी प्रवेशासाठी केयूसीसीपीएस या प्रवेश यंत्रणेकडे करायचा अर्ज आणि ‘हेल्ब’चे शैक्षणिक कर्ज हे मार्ग तिला शाळेतच सांगितले असतील, फक्त मुदती चुकवू नका.

तिच्या विषयासाठी केनियातीलच न्जोरोचे एगर्टन विद्यापीठ मला सर्वांत जवळचे वाटते. 1939 साली शेतकी शाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था मास्टरकार्डच्या उपक्रमातही सहभागी झालेली आहे. कोस्टा रिकातील ‘अर्थ’ विद्यापीठात आफ्रिकेतील मुले याच फाउंडेशनच्या मदतीने शेती शिकली आहेत; तिथे स्पॅनिश शिकावी लागते, त्याची तिला तयारी हवी. तिच्याच देशातील वांगारी माथाई 1960 साली केनियातून अमेरिकेत पाठवलेल्या विद्यार्थ्यांमध्ये होत्या. तिथे त्या जीवशास्त्र शिकल्या, पुढे त्यांनी वृक्षचळवळ उभी केली, आणि 2004 साली त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. डॉक्टर झाल्यानेच गरिबी फिटते, असे मानणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हे उदाहरण सांगत आले आहे.

तिची समजूत घालण्याची तुमची विनंती मी स्वीकारत नाही. ‘विंग्ज टू फ्लाय’मधील गुणी मुलांना ही शिष्यवृत्ती चालवणाऱ्या इक्विटी या बँक समूहाच्या लीडर्स उपक्रमात मार्गदर्शक मिळतात, परदेशी विद्यापीठांच्या अर्जांसाठीही साहाय्य होते, तिला आधी तिथे जाऊ द्या, आणि त्या भेटीत तुम्ही सोबत बसू नका. तिच्या आईशी तुमच्या पत्नीने शांतपणे बोलावे आणि मुलीने कोणताही विषय निवडला तरी कामावर काही परिणाम होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. तुमच्या हातून होण्यासारखे खूप आहे : पासपोर्ट, जन्मदाखला, संध्याकाळी दोन तास इंटरनेट आणि निबंध लिहायला एक शांत टेबल. तिचा मूळ मसुदा तिला परत द्या. व्याकरण तपासून हवे असल्यास तिने स्वतः मला लिहावे. उत्तर मी तिलाच पाठवीन.