मनौसजवळच्या काळ्या नदीविषयी

प्रश्न : ब्राझीलमधील मनौस शहराजवळ काळ्या आणि पिवळसर पाण्याच्या दोन नद्या एकाच पात्रात शेजारी शेजारी वाहत असल्याची चित्रफीत पाहिली. हे पाणी एकमेकांत मिसळत का नाही? नदीचा काळा रंग प्रदूषणामुळे आला आहे का?

उत्तर : नाही. काळी दिसणारी नदी म्हणजे रिओ नेग्रो. तिचे पाणी पेल्यात घेतले तर ते काळे नव्हे, कोऱ्या चहासारखे तांबूस आणि बरेचसे नितळ दिसते. तिच्या खोऱ्यातील मोठ्या भागात जंगल पांढऱ्या वाळूवर उभे आहे. चिकणमातीच्या जमिनीत कुजलेल्या पालापाचोळ्यातील सेंद्रिय द्रव्ये मातीच्या कणांना चिकटून राहतात. वाळूला मात्र ती धरून ठेवता येत नाहीत, त्यामुळे पावसाच्या पाण्याबरोबर ती ओढ्यांत आणि तेथून नदीत उतरतात. या द्रव्यांमुळे पाणी आम्ल होते, आणि अशा पाण्यात डासांच्या अळ्याही फारशा वाढत नसल्याने काठावर डास कमी आढळतात.

पिवळसर प्रवाह सोलिमोइसचा आहे. मनौसच्या वरच्या बाजूला ॲमेझॉनला ब्राझीलमध्ये हेच नाव आहे. तो अँडीज या भूशास्त्रीयदृष्ट्या तरुण पर्वतरांगेतून प्रचंड गाळ घेऊन येतो. याउलट रिओ नेग्रोच्या खोऱ्याचा बराचसा भाग ‘गयाना ढाल’ या उत्तरेकडील खडकाळ प्रदेशाच्या अतिप्राचीन, झिजून गेलेल्या खडकांवर असल्याने तिच्याजवळ वाहून आणण्याजोगा गाळच फार थोडा असतो. काळे पाणी अधिक उबदार आणि संथ, तर सोलिमोइसचे थंड, वेगवान आणि गाळामुळे जड; म्हणून सुमारे ६ किलोमीटरपर्यंत दोन्ही प्रवाह वेगळे दिसतात. पुढे भोवऱ्यांमुळे ते हळूहळू एकरूप होतात, तेव्हा ‘मिसळत नाही’ यापेक्षा ‘मिसळायला वेळ लागतो’ असे म्हणणे अचूक ठरेल. पाण्याच्या रंगावरून ॲमेझॉनच्या नद्यांचे पांढऱ्या, निळ्या आणि काळ्या असे गट ब्रिटिश निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५३ मध्येच केले होते.

प्रश्न : या नदीकाठची झाडे कित्येक महिने पाण्यात बुडतात, असे वाचले. ती कुजत कशी नाहीत?

उत्तर : काळ्या पाण्याने बुडणाऱ्या या जंगलाला तेथील लोक ‘इगापो’ म्हणतात. मनौसला नदीची पातळी वर्षभरात साधारण १० मीटर वरखाली होते आणि पूर बहुधा जूनमध्ये शिगेला पोहोचतो. मुळांना प्राणवायू मिळेनासा झाला की अनेक झाडे वाढ थांबवतात, काही पानेही गाळतात, आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा वाढू लागतात. एरवी वर्षभर उबदार असलेल्या या प्रदेशातील झाडांच्या खोडांत वार्षिक वलये दिसतात ती या विश्रांतीमुळेच; त्यांवरून झाडाचे वय काढता येते. मला यापेक्षाही विलक्षण वाटते ती फळांची वेळ. अनेक झाडांची फळे पूर चढलेला असतानाच पिकून पाण्यात पडतात आणि त्या काळात मासे झाडांच्या फांद्यांमधून हिंडत ती खातात. तांबाकी हा मोठा मासा आपल्या बळकट दातांनी कठीण बियाही फोडतो. मात्र अनेक बिया माशांच्या पोटातून सुखरूप बाहेर पडून दूरवर रुजतात. पाण्यात पोषक द्रव्ये इतकी कमी असताना जंगलातून पडणारी फळे आणि कीटक यांवर माशांचा मोठा आधार असतो, म्हणून काठची झाडे तोडणे म्हणजे माशांचे अन्न काढून घेणे होय. आपल्याकडील मत्स्यटाक्यांत दिसणारा निळा-लाल कार्डिनल टेट्राही मूळचा याच नदीच्या आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतील आहे.

मात्र हे सारे पुराच्या ठरलेल्या चक्राशी जुळलेले आहे. मनौस येथे १९०२ पासूनच्या नोंदींत २०२१ च्या जूनमध्ये ३०.०२ मीटर हा उच्चांक, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये १२.११ मीटर हा नीचांक नोंदला गेला. एवढी टोके अवघ्या तीन-साडेतीन वर्षांत गाठली गेल्याने संशोधकांना इगापोची काळजी वाटते : पाणी फार काळ टिकले तर सखल भागातील झाडे मरतात, आणि फार खाली गेले तर वाळलेल्या मुळांच्या जाळ्यातून आग जमिनीखालीही पसरते.