आधी भाषा विचार, मग लायसन्स माग

चि. यास अनेक आशीर्वाद,

तुझी मेल वाचली. कॅनडात पोलीस असून विचारतोस: "काका, मॉन्क्टनमध्ये इंग्रजी सगळ्यांनाच येतं, मग दर वेळी हॅलो-बोंजूर कशाला?" येतं म्हणजे काय रे? भाजी आणण्यापुरतं येतं. रात्री काचेवर तुझ्या टॉर्चचा झोत, हातात थरथरणारं लायसन्स, आणि तू सांगतोयस की नळीत फुंका, नकार दिलात तर तोही गुन्हा. माणूस घाबरून नुसता "येस, येस" करतो. त्याला खरंच कळलं का, हे तू कशावरून ठरवणार? म्हणून पहिलं वाक्य, ते हॅलो-बोंजूर, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत. कुठली भाषा हवी, ते आधी विचार.

बेळगावच्या घरातला तू. पोलीस ठाण्यात आपल्या भाषेत बोलता न येणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायचं?

मॉन्क्टन ज्या प्रांतात आहे त्या न्यू ब्रन्सविकच्या 2002 च्या राजभाषा कायद्याचं कलम 31 पुन्हा वाच. भाषा नागरिकाने निवडायची, आणि हा हक्क त्याला आपणहून सांगायचा तो पोलिसाने. तो मागेल मग बघू, हे चालत नाही. 2000 साली वुडस्टॉकजवळ मारी-क्लेर पोलँ यांना वेगासाठी अडवलं, तेव्हा आरसीएमपीच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाच्या, अंमलदाराला फ्रेंच येत नव्हतं. प्रांताचे पोलीस म्हणून काम करताना आरसीएमपीलाही हे बंधन आहे, असा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला 2008 उजाडलं. आठ वर्षं भांडल्या त्या!

फ्रेंच कच्चं आहे म्हणून लाजतोस? प्रत्येक पोलिसाला दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत, असं कायदा म्हणत नाही. समोरच्याने फ्रेंच निवडलं आणि तुला झेपत नसेल, तर वायरलेसवर सहकारी मागव. तो येईपर्यंत चौकशी पुढे रेटू नकोस. पण विचारायला काय जातं? विचारायला व्याकरण लागत नाही.

पोलिसांत असताना मला हटवादी म्हणायचे. रात्रपाळीला फ्रेंच बोलणारा माणूस हवाच, म्हणून मी वरिष्ठांशी भांडत राहिलो; बढती लांबली ती लांबलीच. मी निवृत्त झालो तरी प्रत्येक रात्रपाळीला तो माणूस मिळत नव्हता, ही सल अजून जात नाही. भांडलो याचं मात्र मला तिळभरही वाईट वाटत नाही. पुन्हा भांडेन.

फ्रेंचचा वर्ग सोडू नकोस. आणि नोंदवहीत गाडीच्या नंबराआधी त्या माणसाने निवडलेली भाषा लिहीत जा.

तुझा,
काका