"ताई, कुणाला सांगू नकोस ना"

(पत्र थोडं कमी केलं आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.)

प्रिय मावशी,

मी २४ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. दीड वर्षापासून अमेरिकेत ओहायोमध्ये एमएस करतेय. बाबांनी घरावर कर्ज काढलंय, म्हणून मी विद्यापीठाच्या वसतिगृहात आरएचं, म्हणजे रेसिडेंट असिस्टंटचं काम घेतलं. खोली आणि मेसचं जेवण फुकट. त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या ३४ मुलींचा मजला माझ्याकडे. ड्युटीच्या रात्री फोन उशाशी. कुणी किल्ली आत विसरते, कुणी पिऊन जिन्यात बसते, कुणी पॉपकॉर्न जाळून अख्खी इमारत थंडीत बाहेर काढते.

माझ्या मजल्यावर एक मुलगी होती. जन्म इथलाच, आई-बाबा मराठी. मोडकंतोडकं मराठी बोलायची, मला ताई म्हणायची. ऑक्टोबरात एका रात्री दीड वाजता ती माझ्या दारात आली. म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नकोस ना." मी पटकन "नाही सांगणार" म्हणून गेले. मग ती म्हणाली की तिला जगायचंच नाहीये, आणि काय करायचं तेही तिने ठरवलंय. मी तिला बसवून ठेवलं आणि ड्युटीवरच्या हॉल डायरेक्टरला फोन केला. कॅम्पस पोलीस आले, तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरू शकत नाही.

आठवड्याने ती परत आली, पण दुसऱ्या इमारतीत. दिवाळीच्या आधी मी तिला चिवडा दिला होता, तो स्टीलचा डबा कुणाच्या तरी हाती परत पाठवला. घासून, पुसून, रिकामा. सोबत चिठ्ठीही नाही. तिच्या आईचा फोन आला, "आधी आम्हाला कळवायचंस. आपल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती." महाराष्ट्र मंडळात आता दोन-तीन काकू माझ्याशी तुटक बोलतात. घरी थोडंसं सांगितलं तर आई म्हणाली, "दुसऱ्यांच्या मुली राखायला पाठवलं होतं का तुला?"

मला झोप लागत नाही. ड्युटी नसली तरी दारावर टकटक झाली की छातीत धडधडतं. मी विश्वासघात केला का? डिसेंबरात हे काम सोडून देऊ का?

– सं.

प्रिय सं.,

विश्वासघात तू केलेला नाहीस. हे आधी सांगते, कारण बाकीचं वाचायला तुझं मन थाऱ्यावर हवं. अठरा वर्षांची पोर रात्री दीड वाजता 'मी ठरवलंय' म्हणते, तेव्हा तिच्याजवळ बसून राहणं आणि फोन करून जाणत्या माणसाला बोलावणं, एवढंच तुझ्या हातात होतं आणि ते तू केलंस. मीही हेच केलं असतं असं तुला लिहायला मला आवडलं असतं. पण मी ते केलं नव्हतं.

१९८१ साली मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहात होते. खोलीतली मैत्रीण बीड जिल्ह्यातली, माझ्यापेक्षा हुशार. दिवाळीनंतर तिचं जेवण सुटलं. डबा भरलेला परत गेला की डबेवाल्या काकू रेक्टरबाईंकडे तक्रार करायच्या, म्हणून ती तिचा डबा माझ्यापुढे सरकवायची. "खा गं तू. आणि बोलू नकोस कुठे." मी एकोणीस वर्षांची, सदा भुकेली. दोन महिने मी तिचा डबा खाल्ला. तिच्या वाटणीच्या दोन पोळ्या, उसळ, भात, सगळं. काकूंना डबे रिकामे मिळत राहिले आणि मला वाटत राहिलं की मी मैत्रीला जागतेय. फेब्रुवारीत ती जिन्यात कोसळली. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती, वर्ष गेलं. ती वाचली, आज नातवंडांत आहे. पण पुष्कळ वर्षांनी तिने मला एकदाच विचारलं, "तू का नाही गं कुणाला सांगितलंस?" मी म्हटलं, "तूच नको म्हणाली होतीस." ती म्हणाली, "मला तेव्हा काय कळत होतं?"

तुझी मुलगी आज तुझ्यावर रागावली आहे, कारण रागवायला ती आहे. हे वाक्य कठोर वाटेल, पण रात्री झोप लागली नाही की ते आठवून बघ.

आता एका ठिकाणी तुझं चुकलं, तेही सांगते. नाही तर तुला वाटेल मावशी नुसतं गोंजारतेय. 'नाही सांगणार' हा शब्द तू द्यायला नको होतास. तुमच्या प्रशिक्षणात नक्की सांगितलं असेल की आरएला काही गोष्टी वर कळवाव्याच लागतात. जिवाचा धोका ही त्यातली पहिली. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर तीही; शिक्षणात लिंगावरून भेदभाव करायला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याच्या आधारे बहुतेक विद्यापीठं आरएवर ती जबाबदारी टाकतात. समुपदेशन केंद्रातल्या समुपदेशकाचं तसं नसतं. जिवाचा धोका नसेल तर त्याच्यापाशी बोललेलं त्याच्यापाशीच राहतं. म्हणजे त्या मुलीला ज्या गुप्ततेची आस होती, ती कॅम्पसवर होती, पण तुझ्या खोलीत नव्हती. हे तिला माहीत नव्हतं आणि त्या घाईत तूही सांगू शकली नाहीस. तिला लागलं असेल ते बहुधा हेच. फोन केल्याचं दुःख कमी, शब्द देऊन मोडल्याचं जास्त.

म्हणून पुढच्या वेळी दारात कुणी 'कुणाला सांगू नकोस' म्हणालं, तर तिने पुढचं बोलायच्या आधी म्हणायचं: "तू सांग, मी ऐकतेय. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मला एकटीला ते ठेवता येणार नाही. तेव्हा मी माणूस बोलावेन आणि तो येईपर्यंत तुझ्याजवळून हलणार नाही." हे आरशासमोर उभी राहून मराठीत आणि इंग्रजीत मोठ्याने म्हणून बघ. मध्यरात्री नवीन वाक्य सुचत नाही, तोंडात बसलेलंच बाहेर येतं. काही मुली हे ऐकून गप्प होतील, परत जातील. अशा वेळी ९८८ हा, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येणाऱ्यांसाठीच्या मदतीचा नंबर दे. जुलै २०२२ पासून तो अमेरिकेत सगळीकडे चालतो, त्यावर फोन करता येतो आणि मेसेजही. आणि ती गप्प होऊन गेली हेही ड्युटीवरच्या हॉल डायरेक्टरच्या कानावर घाल.

तुला जास्त अवघड गेलं ते त्या 'ताई'मुळे, असं मला पत्र वाचताना वाटलं. परक्या देशात, ३४ मुलींत एकीने ताई म्हणावं, याने जीव किती सुखावतो ते मला कळतं. घरी आपण कुणाची तरी ताई असतो. तिथे नुसतं दारावर लावलेलं नाव असतो. त्या शब्दापुढे तू आरए राहिली नाहीस, म्हणून हो म्हणून बसलीस. पण सख्खी ताई काय करते गं? धाकटीने असलं काही सांगितलं तर ती अनवाणी धावत आई-बाबांच्या खोलीत जाते. तू तेच केलंस, फक्त तुझ्याकडे हाक मारायला आई-बाबांची खोली नव्हती, हॉल डायरेक्टर होता.

मुलीच्या आईला राग येणं मी समजू शकते. मध्यरात्री हॉस्पिटलचा फोन आला की आई कुणावर तरी चिडतेच. 'आधी आम्हाला कळवायचंस' ही आपल्याकडची रीत झाली. पण मुलगी अठराची आहे, आणि १९७४ च्या तिथल्या फर्पा कायद्याप्रमाणे कॉलेजात गेलेल्या मुलाच्या नोंदींवर हक्क त्या मुलाचा असतो, पालकांचा राहत नाही. घरी कुणी, कधी कळवायचं हे ठरवणारी माणसं वेगळी असतात. त्यांना डावलून तू परस्पर फोन केला असतास, तर आणखी वाईट झालं असतं. तिच्या घरात काय चाललंय हे तुला कुठे माहीत होतं? आता त्यांचा फोन आला तर एवढंच म्हण, "काकू, ती बरी आहे याचा मला फार आनंद आहे. त्या रात्रीबद्दल मला बोलता येत नाही, तुम्ही ऑफिसशी बोला." मंडळातल्या काकूंना तर एवढंही नाही. तुझी बाजू मांडायची म्हटली की मुलीची गोष्ट चारचौघांत येणार. तू गप्प राहून लोकांचा तुटकपणा सोसते आहेस, यात तू तिची ताईच आहेस. मंडळात जाणं मात्र थांबवू नकोस. आरतीला ताट धरायला उभी राहा.

काम सोडायचं का? माझं मत: डिसेंबरात नको, पण मे महिन्यापर्यंत असंच रेटायचंही नको. आधी हिशेब बघ. एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि कॅम्पसवरची सगळी कामं मिळून ते २० तास धरतात. हे काम सोडल्याने व्हिसाला धक्का लागत नाही, तो तुझ्या पूर्णवेळ शिक्षणावर आहे. पण खोली जाते, जेवण जातं, आणि खोली किती दिवसांत रिकामी करायची ते तुझ्या करारात लिहिलेलं असेल. भर हिवाळ्यात घर शोधायची वेळ येईल. लायब्ररीतल्या किंवा मेसमधल्या तासांचे पैसे भाड्याला पुरतील का, हे कागदावर मांड. आणि कुणी 'कॅम्पसबाहेर रोखीने काम देतो' म्हणालं तर उंबरठ्यावरूनच परत ये. परवानगीशिवाय बाहेर केलेलं काम व्हिसाच्या मुळावर येतं.

पण हिशेब जमला नाही म्हणून तुझी छाती धडधडायची थांबणार नाही. म्हणून या आठवड्यात हॉल डायरेक्टरकडे वेळ माग आणि स्पष्ट सांग की त्या रात्रीनंतर मला झोप नाही, पुढच्या काही ड्युट्या मला बदलून हव्यात. लाजू नकोस. हे काम माणसाला पिळून काढतं, यात तुझा हळवेपणा नाही. तुझ्यासारख्याच आरएंनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमध्ये २००२ साली चक्क कामगार संघटना उभारली. आणि ज्या समुपदेशन केंद्राचा पत्ता तू ३४ मुलींना देतेस तिथे स्वतःसाठी वेळ घे. तूही तिथली विद्यार्थिनीच आहेस. हे करूनही जानेवारीअखेर टकटकीने दचकत असलीस, तर मग पैशांचं काही का होईना, सोड. बाबांना मी पत्र लिहीन हवं तर.

अजून एक. जिथे काम तिथेच घर, याचा जाच बाहेरच्याला कळत नाही. तुझ्या खोलीला दार आहे, पण ते ३४ जणींचं आहे. तिथे साधी फोडणी द्यायची सोय नाही, अलार्म वाजेल. आठवड्यातली एक रात्र कॅम्पसच्या बाहेर काढ. एमएसच्या वर्गातली कुणी अपार्टमेंटमध्ये राहत असेल, तिच्याकडे जा, फोन बंद करून मोहरी तडतडू दे, आमटी-भात खा आणि तिथेच झोप. ड्युटी नसलेल्या रात्री नियमाने तू बाहेर राहू शकतेस ना, हे तेवढं विचारून घे.

आता तुझी आई. 'दुसऱ्यांच्या मुली राखायला' हे तिच्या तोंडून आलं, ते तू राखली जात नाहीयेस या काळजीने. तिला तुझं काम काय ते नीट माहीत नाही. तू फक्त थकलेली दिसतेस. तिला एक गोष्ट सांग. १९८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियात लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी नावाच्या १९ वर्षांच्या मुलीचा तिच्या खोलीत खून झाला. करणारा तिथलाच विद्यार्थी. जी दारं आपोआप बंद व्हायला हवी होती ती कुणीतरी अडकवून उघडी ठेवली होती, एकामागून एक. तिच्या आई-बाबांनी लढून १९९० मध्ये कायदा करून घेतला. कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचे आकडे आता विद्यापीठांना लोकांपुढे ठेवावे लागतात, आणि कानावर आलेला गुन्हा वर कळवायची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांत सहसा आरएही येतात. तू रात्री अकराला फेरी मारतेस, दारात अडकवलेली चप्पल काढतेस, दार ओढून घेतेस, ते आईला सांग. तिला ते कळेल. तीही रोज झोपायच्या आधी कडी बघते.

राहिला डबा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान साखर तरी घालतात, म्हणून तुला तो रिकामेपणा लागला. पण ती मुलगी तिथे वाढली. तिला ही रीत कुणी सांगितली असेल असं नाही. तिने तो घासला, पुसला, आणि हॉस्पिटल, नवी इमारत, सगळ्या धावपळीत आठवणीने तुझ्याकडे पोचवला, एवढंच आपल्याला माहीत आहे. त्याचा याहून जास्त अर्थ लावू नकोस. तिच्या नव्या इमारतीत जाऊ नकोस, मेसेजही नको. तिचं तिला सावरू दे. मेसमध्ये समोरासमोर आलात तर मान हलव आणि तिने तोंड फिरवलं तरी तुझं ताट घेऊन पुढे जा. डबा मात्र वरच्या कप्प्यात ठेवू नकोस. हाताशी ठेव.

तुझी,
मावशी