गणित दिन आला की तिचं पोट दुखतं

"शाळेत गणिताचे असे कार्यक्रम करून उपयोग काय? ज्यांना येतं त्यांचीच हौस होते. आमची मुलगी त्या दिवशी शाळेत जायलाच तयार नसते." सातवीतल्या एका मुलीच्या आईचा हा प्रश्न. बरेच पालक तो वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. १४ मार्चचा आंतरराष्ट्रीय गणित दिन जवळ आला होता आणि मुलीचं पोट दुखायला लागलं होतं. डॉक्टरांच्या तपासणीत काहीच निघालं नव्हतं.

समुपदेशनासाठी मुलगी माझ्याशी एकटी बोलायला बसली तेव्हा उलगडा झाला. आदल्या वर्षी झटपट पाढ्यांची स्पर्धा होती. तेरा साते विचारलं आणि तिला उत्तर सुचेना. खालून कुणीतरी "एक्क्याण्णव!" ओरडलं, सगळे हसले. "मला येत होतं हो, पण तिथे आठवेनाच," ती म्हणाली. मला ते पूर्ण पटलं. हिशोब करताना आकडे आपण डोक्यात तात्पुरते धरून ठेवतो. मन धास्तावलं की तीच जागा काळजी अडवून बसते आणि घरी सहज येणारं उत्तर चारचौघांत येत नाही.

म्हणून आईचा आक्षेप मला अर्धा मान्य होता. घड्याळ लावून आणि नंबर काढून साजरा केलेला गणित दिन घाबरणाऱ्या मुलाला आणखी घाबरवतो. पण त्यासाठी कार्यक्रमच नको, हे मला पटत नाही.

आई आणि मुलगी दोघींच्या संमतीने मी वर्गशिक्षिकेशी बोलले. बाईंना शंका होती, स्पर्धा नसेल तर मुलं रमतील का? तरी त्यांनी यंदा कापरेकरांचा खेळ ठेवला. द. रा. कापरेकर हे देवळालीच्या शाळेतले शिक्षक. ६१७४ या संख्येची गंमत त्यांना १९४९ मध्ये सापडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

पुढच्या भेटीत मुलीने तो कागदच आणला. तिने ३५२४ घेतली होती. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, इथे हातचा विसरल्यामुळे ८३५२ ऐवजी ८४५२. तिला ते कळलं नाही, ती पुढे करत राहिली आणि शेवटी ६१७४ आली! पण पायऱ्या झाल्या नऊ. सातच्या वर जात नाहीत असं बाई म्हणाल्या होत्या, मग माझ्या नऊ कशा? ती स्वतःच एकेक ओळ तपासत मागे गेली आणि चूक शोधून काढली. दुरुस्त केल्यावर तिसऱ्याच पायरीला ६१७४. ८४५२ भोवती तिने लाल गोल केला होता आणि तो मला दाखवताना ती खूश होती. चूक झाली की वही मिटून टाकणारी हीच मुलगी, हे आईने सांगितलेलं मला आठवत होतं.

त्या दिवशी कुणाचा नंबर आला नाही, कुणी व्यासपीठावर गेलं नाही. बाईंनी आता आठवड्यातला एक तास अशा शोधाला ठेवलाय आणि मला त्याचं मोल त्या एका दिवसापेक्षा जास्त वाटतं. आईला मी सांगितलं, "कितवी आलीस?" विचारू नका, "दाखव ना, कसं केलंस?" म्हणा.

वेळ लावून घेतलेल्या चाचणीची धास्ती अजून आहे. तिच्यावर आमचं काम चालू आहे. मध्यंतरी तिने विचारलं, तीन अंकी संख्येचं असंच होतं का? मी म्हटलं, करून बघ. तिला दर वेळी ४९५ मिळाले.