इटलीत भाड्याची गाडी: डावा हात, उजवा रस्ता

प्रश्न: आम्ही निपाणीचे. जूनमध्ये फ्लोरेन्सहून गाडी भाड्याने घेऊन टस्कनी फिरायची आहे. चोर्ला घाट नेहमीचा, तिकडे जमेल का?

उत्तर: घाटात हात बसलेल्याला टस्कनीची वळणं जड नाहीत. खरी अडचण सरावाची. तिथे रस्त्याची बाजू उजवी. गर्दीत पुढच्या गाडीमागे जाता, त्यामुळे चूक होत नाही. सकाळी पेट्रोल पंपातून मोकळ्या रस्त्यावर निघालात की गाडी आपसूक डावीकडे वळते. तिथे वहिनींनी मोठ्यानं ‘उजवीकडे!’ म्हणायचं, आणि तुम्ही चिडायचं नाही. तुमची मारुती असेल तर इंडिकेटर द्यायला जाल नि वायपर फिरतील, कारण तिथे इंडिकेटर डाव्या हाताला. गिअर उजव्या हाताला, म्हणून ऑटोमॅटिकच घ्या, थोडी महाग पडली तरी.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो जास्तीत जास्त वर्षभर चालतो, आणि मूळ लायसन्सही जवळ हवंच. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड सहसा चालकाच्याच नावाचं मागतात.

फ्लोरेन्सच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ (ZTL, म्हणजे परवानगीशिवाय गाड्यांना बंदी असलेला भाग) पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो, दंडाची नोटीस काही महिन्यांनी थेट निपाणीला येते. भाडेवाले त्यांचं शुल्क कार्डातून वेगळं कापतात. हॉटेल आतच असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा. ‘ऑटोस्ट्राडा’ म्हणजे तिथल्या एक्स्प्रेसवेला वेगमर्यादा ताशी १३० किमी, पावसात ११०. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा, चाकांच्या रिमसकट, व्हिडिओ काढा.