वाचक विचारतात : नव्या फोर बाय फोरकडून नेमकं काय मागावं?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी या वेळी एकाच जातीच्या गाडीबद्दल विचारलं आहे. शिडीची चासी, चारही चाकांना जोर आणि चिखलाची भीती नसलेली गाडी. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र मिळून एका कंपनीला पत्र पाठवणार आहोत. नव्या दणकट गाडीत काय हवं याची यादी केली आहे : दोन्ही ॲक्सलना लॉक, स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), विंच (रुतलेली गाडी ओढणारी चरखी), छतावर एलईडी दिवे, मोठे टायर, चहूबाजूंचा कॅमेरा, सनरूफ. अजून काय घालावं?
– एक वाचक, फोंडा

घालण्याआधी काढा. जी वस्तू नंतर बाजारातून आणून बसवता येते तिच्यासाठी कंपनीपुढे तोंड वेंगाडू नका. जी नंतर बसवता येत नाही, किंवा बसवली तर कायद्यात अडकते, तीच मागा. आपल्याकडे हा फरक फार महत्त्वाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राच्या पत्रानुसार बंदच आहे. म्हणजे कारखान्यातून जे आलं तेच शेवटपर्यंत राहणार.

या कसोटीवर तुमच्या यादीतला पहिला मुद्दा, डिफरन्शिअल लॉक, जागचा हलवू नका. डिफरन्शिअल म्हणजे ॲक्सलच्या दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारी गिअरपेटी, आणि लॉक लावलं की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच पीळ (टॉर्क) देतं. जांभ्याच्या पायरीवर एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नसल्यासारखाच मिळतो. गाडी जागेवर गुरगुरत राहते. यावर बाजारात तीन उपाय आहेत. मारुतीची जिम्नी मोकळं फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर पलीकडे ढकलते. हे हलकं आणि स्वस्त आहे, पण आधी चाक फिरावं लागतं आणि लांबच्या चढणीत ब्रेक तापतात. महिंद्राच्या थारच्या वरच्या आवृत्त्यांत मागचं यांत्रिक लॉक आहे. दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की ते आपोआप धरतं, तेही चाक फिरल्यानंतरच. फोर्सच्या गुरखामध्ये पुढचं आणि मागचं अशी दोन्ही लॉक चालकाच्या हातात आहेत, अडकण्याआधीच लावता येतात. आमचं मत तिसऱ्याच्या बाजूनं. मात्र दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर मागचं मागा. पुढचं लॉक लावल्यावर स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि त्याची गरज क्वचितच पडते.

यादीत नाही पण असायलाच हवी ती लो रेंज, म्हणजे वेग घटवून जोर वाढवणारी गिअरची जादा पायरी. समजा पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४ आणि डिफरन्शिअलचं ४. एकूण झाले १६. टायरचा घेर २.४ मीटर असेल तर इंजिनाच्या १,००० फेऱ्यांना गाडी ताशी ९ किलोमीटरनं जाते. ओल्या, शेवाळलेल्या उतारावर ९ म्हणजे धावणंच. ट्रान्स्फर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीत) २.५ ची लो रेंज असेल तर एकूण ४० होतात आणि तेवढ्याच फेऱ्यांना वेग उरतो ताशी ३.६. ब्रेकला पाय न लावता गाडी उतरते. उतार सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक बटण ही याची जागा घेऊ शकत नाही, कारण ते शेवटी ब्रेकच लावतं. नावात ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ असून लो रेंज नसलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. त्या घाटरस्त्याला छान, पण तुमच्या यादीच्या कामाच्या नाहीत.

मोठे टायर मागण्याऐवजी लहान रिम मागा. टायरच्या मापात पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते. १८ इंची रिमवरच्या २५५/६५ टायरची भिंत १६६ मिलिमीटर उंच असते, १६ इंची रिमवरच्या २४५/७५ ची १८४. दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा, फरक १५ मिलिमीटरचा. पण हवा कमी केल्यावर दगडाला मिठी मारायला ती वाढीव भिंतच उपयोगी पडते, आणि रिम वाकण्यापासून वाचते ती वेगळीच. शोरूममध्ये १८ इंची मिश्रधातूचं चाक उठून दिसतं म्हणून कंपन्या तेच लावतात. स्टीलचं चाक वाकलं तर हातोड्यानं चालतं करून घरापर्यंत येता येतं, मिश्रधातूचं तडकतं.

यादीत आणखी तीन गोष्टी लिहा. पुढे दोन आणि मागे दोन, थेट चासीला बोल्ट केलेले, किती भार सोसतात हे ठोकलेले हूक. बंपरमधलं झाकण काढून आट्यांनी बसवायचा डोळा हा सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरता असतो. चिखलात रुतलेल्या गाडीला त्यानं झटका दिला की तो सुटून तोफगोळ्यासारखा उडतो. दुसरं, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्या श्वासनळ्या (आतली हवा ये-जा करायच्या नळ्या) बॉनेटखाली वरपर्यंत आणलेल्या. तिसरं, गाडीच्या आतल्या तळाला पाणी सोडायची बुचं आणि गालिच्याऐवजी धुता येणारं रबर.

विंच, दिवे आणि कॅमेरा खोडा. विंच बसवायला मजबूत जागा तेवढी मागा. सनरूफही खोडा. त्याच्या पाणी सोडणाऱ्या बारीक नळ्या आंब्या-फणसाच्या पाल्यानं तुंबतात आणि पाणी छताच्या अस्तरात उतरतं.

रुंदीचा मुद्दा कुणीच लिहीत नाही. जिम्नी १,६४५ मिलिमीटर, तीन दारांची थार १,८२०, पाच दारांची थार रॉक्स १,८७०. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटेला दोन्ही बाजूंनी गडगा (दगडी कुंपण) असतो, तिथे या २२५ मिलिमीटरांवर आरसे शिल्लक राहतात की नाही ते ठरतं. कंपनी ऐको न ऐको, हे लिहाच.

प्रश्न : जिम्नीला १९५/८० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टायर लावावेत असं दुकानदार म्हणतो. लावू का?
– एक वाचक, डिचोली

जुन्याचा व्यास ६९३ मिलिमीटर, नव्याचा साधारण ७३४. वाढ जवळजवळ ६ टक्के. त्यातली निम्मीच, म्हणजे २० मिलिमीटर, जमिनीपासूनच्या उंचीत मिळते. बदल्यात काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८५ ला असेल, प्रत्येक गिअर लांब होईल, आणि जेमतेम १०५ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन चोर्ला घाटात एक गिअर खाली मागेल. पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासेल. नोंदणी आणि विम्याचा प्रश्न आहेच.

२१५/७५ आर १५ मध्ये वाढ दीड टक्क्याची. फार तर तिथे थांबा. खरं तर मूळ मापातच ऑल टेरेन नक्षीचे टायर घेतले तरी तुमचं काम होईल. फरक मापापेक्षा हवेनं पडतो. डांबरावर कंपनीनं दाराच्या खांबावर छापलेला दाब ठेवा, जांभ्याच्या दगडांत २२ ते २४ पीएसआय, मऊ चिखलात १८ ते २०. १५ च्या खाली गेलात आणि स्टिअरिंग जोरात मोडलंत तर टायर रिमवरून निसटू शकतो. परतताना डांबर लागण्याआधी हवा भरायचीच, नाहीतर टायरची भिंत तापून फाटते. म्हणून चांगला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आधी घ्या, टायर नंतर. तो थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा असावा. लायटरच्या भोकातून चालणारे मोठे कॉम्प्रेसर फ्यूज उडवू शकतात.

प्रश्न : बागायतीत जाताना व्हाळ (ओढा) ओलांडावा लागतो. पावसात कमरेपर्यंत पाणी येतं. गाडीची पाण्यातली क्षमता ६५० मिलिमीटर लिहिली आहे. स्नॉर्कल लावला की प्रश्न मिटेल का?
– एक वाचक, वाळपई

नाही मिटणार. कमरेएवढं पाणी म्हणजे ९०० मिलिमीटरच्या पुढे, आणि छापलेला ६५० चा आकडा सपाट तळाच्या, संथ पाण्याचा असतो. व्हाळाचं पाणी वाहतं. दाराला टेकलेलं पाणी गाडी उचलतं, टायरवरचा भार कमी होतो आणि ती तिरकी वाहू लागते. वाहत्या पाण्याला आमची मर्यादा चाकाच्या मध्यापर्यंत. त्याहून जास्त असेल तर अलीकडच्या काठावरच गाडी लावा आणि साकवावरून (छोट्या पुलावरून) चालत जा. घाटात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही व्हाळ अर्ध्या तासात फुगतो, हे सत्तरीतल्या माणसाला आम्ही सांगायला नको.

स्नॉर्कल इंजिनाची हवा उंचावरून घेतो, एवढंच. अल्टरनेटर, वायरिंगचे जोड आणि इंजिनाचा संगणक होते तिथेच राहतात. बाजारातल्या स्नॉर्कलच्या आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या जोडात फट राहिली तर तो नुसती शोभा.

चाकाच्या मध्यापर्यंतचं पाणी ओलांडायचं तर आधी काठीनं तळ तपासा. गाडी काठावर दहा मिनिटं थांबवा. चालून तापलेलं डिफरन्शिअल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि श्वासनळी तुंबलेली असेल तर ॲक्सलच्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. एसी बंद करा. लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि माणसाच्या चालीचा वेग. त्यानं बॉनेटपुढे लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनाच्या जागेतलं पाणी थोडं खाली राहतं. मध्ये क्लच दाबू नका, गिअर बदलू नका. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत शंभरेक मीटर चालवा म्हणजे ते वाळतात.

मध्येच इंजिन बंद पडलं तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि संपूर्ण इंजिन उतरवावं लागतं. गाडी ओढून बाहेर काढा. पेट्रोलचे प्लग, डिझेल असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन फिरवलं की पाणी बाहेर पडतं. हे मेकॅनिकचं काम. साध्या विम्यात पाण्यानं बिघडलेलं इंजिन सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि त्यातही बुडाल्यावर पुन्हा चावी फिरवली असेल तर दावा अडकू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डिफरन्शिअल तपासा. आधी वरचं भरायचं बूच सैल होतं का पाहा, मगच खालचं सोडा. उलट केलंत आणि वरचं बूच गंजून बसलेलं निघालं तर तेलाविना गाडी दारातच राहील. रात्रभर उभ्या गाडीत पाणी तेलाखाली बसतं, म्हणून पहिले थेंबच खरं सांगतात. तेल दुधाळ असेल तर सगळं बदला. नवं तेल गाडीच्या पुस्तिकेतल्याच प्रतीचं हवं. मागे यांत्रिक लॉक असेल तर त्यासाठी वेगळी प्रत सांगितलेली असू शकते.

प्रश्न : फोर हाय (चारही चाकांना जोर) लावून डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते आणि खालून कटकट होते. दोष आहे का?
– एक वाचक, सांगे

दोष वापरात आहे. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पार्ट टाइम पद्धतीत (गरजेपुरताच चारही चाकांना जोर) मधलं डिफरन्शिअल नसतं, त्यामुळे तो फरक कुठेतरी सुटावा लागतो. चिखलात टायर घसरून सुटतो, कोरड्या डांबरावर शाफ्ट आणि ट्रान्स्फर केसमध्ये पीळ साठतो. डांबर लागलं की टू हाय (दोनच चाकांना जोर). लिव्हर अडकली असेल तर दोन-तीन मीटर सरळ मागे जा, पीळ सुटतो.

प्रश्न : नवी गाडी मोरजीच्या वाळूत किंवा दूधसागरच्या वाटेवर तपासून पाहता येईल का?
– एक वाचक, म्हापसा

दोन्हीकडे नाही. किनाऱ्यावर गाडी उतरवणं बेकायदा आहे, पोलीस गुन्हा नोंदवतात. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे तर सागरी कासवं अंडी घालतात, आणि चाकाच्या खोल चाकोरीतून पिल्लाला वर येता येत नाही. दूधसागरची वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते आणि तिथे कुळ्याहून सुटणाऱ्या परवानगीच्या जीपच जातात. कुणा ओळखीच्याची पडीक जमीन आणि सोबतीला दुसरी गाडी, एवढं पुरेसं आहे.

प्रश्न : दोन वर्षांत चासीवर गंज दिसू लागला. रबराचं अंडरकोटिंग केलं होतं तरी कसं?
– एक वाचक, हरमल

केलं होतं म्हणूनच कदाचित. रबराचा थर दगडानं एका जागी फुटला की खारं पाणी त्याच्या आत शिरतं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. वरून काळंभोर, आत पापुद्रे. शिवाय चासी आतून पोकळ असते आणि तिथे हा थर पोचतच नाही.

चासीच्या खालच्या अंगाला पाणी जायची भोकं असतात. ती तांबड्या मातीनं बुजलेली असतील. जाड तारेनं मोकळी करा, बागेचा पाईप एका टोकाच्या भोकात घालून दुसऱ्या टोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत गोड्या पाण्यानं धुवा. दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांमागचा कोपरा आणि ब्रेकच्या नळ्यांच्या पकडी याही बघा. सुटलेलं रबर खरवडून काढा, तारेच्या ब्रशनं गंज घासा, गंज थोपवणारं प्रायमर द्या. मग उन्हात दोन दिवस पूर्ण वाळू द्या आणि लांब नळीच्या फवाऱ्यानं पोकळीत मेणाचा थर मारून घ्या. काम एप्रिल-मेमध्येच करा. जूनमध्ये ओल आत कोंडली की मेणाखालीच गंज चढतो.